चार गावं, एक बोट: नदीकाठच्या गावांनी सामायिक बचाव पथकासाठी सरकारी पैसा कसा उभा करावा

नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवतात. शहरात निदान महापालिकेचं अग्निशमन दल आहे, रामकुंडावर जीवरक्षक आहेत. पण गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी होळकर पुलाखालून गेलं की संपत नाही. वाटेत नासर्डी मिळते, पुढे दारणा मिळते, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असतो, आणि मधल्या सायखेडा-चांदोरीसारख्या गावांत तेच पाणी घरात शिरतं. तिथे कोण येणार? राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ. ती मंडळी येतात आणि उत्तम काम करतात, पण धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तोवरचे तास गावानेच काढायचे असतात.

एका ग्रामपंचायतीला हे झेपत नाही. चार-पाच गावांनी मिळून केलं तर झेपतं. अडचण पैशाची आहे असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. बोट घ्यायला पैसे मिळतात. बोटीत पेट्रोल घालायला मिळत नाहीत. तहसीलच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेल्या बोटी पाहिल्या की हे लक्षात येतं. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा चालवण्याच्या खर्चावर जास्त भर दिला आहे.

आधी ठरवा: प्रत्येक गावाचं काय आणि सामायिक काय

बुडणाऱ्या माणसाच्या मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. शेजारच्या गावातून ट्रॉलीवर बोट येईपर्यंत अर्धा तास जातो. म्हणजे घाटावर बुडणाऱ्याला सामायिक बोट वाचवू शकत नाही. ती पुरात अडकलेल्यांसाठी, वस्ती हलवण्यासाठी आणि शोधकार्यासाठी. बुडणाऱ्याला वाचवतो तो काठावरचा माणूस आणि त्याच्या हाताशी असलेला दोर.

म्हणून पहिला खर्च गावोगावी करायचा आणि तो किरकोळ आहे. प्रत्येक घाटावर, बंधाऱ्यावर आणि कालव्याच्या पुलावर खांबाला अडकवलेली तरंगती रिंग, वीस-पंचवीस मीटर दोर, लांब बांबू आणि ११२ व १०८ हे क्रमांक लिहिलेली पाटी. दोर चोरीला जाईल म्हणून पेटीला कुलूप लावू नका. दोर गेला तर नवा आणा, तेवढं परवडतं.

शेततळी विसरू नका. निफाड, चांदवड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षबागांसाठी खणलेली प्लास्टिक कागदाची शेततळी पुरापेक्षा गुपचूप जीव घेतात. कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. चारही कोपऱ्यांना खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब एवढ्यात काम भागतं. यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहू नये. तळ्याच्या मालकानेच हे करायचं आणि ग्रामसभेने त्याच्याकडून करून घ्यायचं.

बोट, इंजिन, ट्रॉली, लाइफ जॅकेटांचा मोठा साठा, सर्चलाइट, प्रशिक्षण आणि विमा या गोष्टी सामायिक.

कोणत्या कायद्यावर उभं राहायचं

शेजारी-शेजारी असलेल्या गावांचे मालक वेगळे असतात, हा नाशिकचा खास घोळ. दारणाकाठचंच बघा: भगूरला नगरपरिषद, शेजारी देवळालीला संरक्षण खात्याखालचं छावणी मंडळ, पलीकडे ग्रामपंचायती. प्रत्येकाचा कायदा निराळा, अर्थसंकल्प निराळा, लेखापरीक्षण निराळं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मात्र या सगळ्यांना एकाच व्याख्येत बसवतो. त्यात 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे पंचायत राज संस्था, नगरपालिका आणि छावणी मंडळंही. कलम ४१ नुसार आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवणं आणि साधनं वापरायला तयार स्थितीत ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे. 'हा विषय आमच्या कक्षेत येत नाही' असं कोणी म्हणालं की हे कलम पुढे करा. प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत त्याचा उल्लेख असू द्या.

जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तुमचं पथक त्यांच्या जिल्हा आराखड्यात नोंदवून घ्या. आराखड्यात नाव नसेल तर पुढचे बहुतेक निधी अडतात आणि पुराच्या रात्री नियंत्रण कक्षाला तुमची आठवणही होत नाही.

मुख्य ग्रामपंचायत नेमा

सामायिक म्हटलं की लोक आधी संस्था काढायला धावतात. माझं मत उलट आहे. बोट, इंजिन, ट्रॉली ही मालमत्ता एका ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या नावावर असावी. सरकारी पैसा सरकारी संस्थेच्या मालमत्तेसाठी सहज मिळतो, आणि खाजगी न्यासात भांडण लागलं तर बोट कुलपात जाते. बाकीच्या गावांनी तिच्याशी सामंजस्य करार करायचा.

पोहणाऱ्या पोरांचं मंडळ मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून घ्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा घ्यायचा तर ते लागेल. मालमत्ता ग्रामपंचायतीची, माणसं मंडळाची, ही विभागणी लेखापरीक्षकालाही समजते.

मुख्य गाव कोणतं? सर्वांत मोठं किंवा सर्वांत श्रीमंत नव्हे. ज्या गावातून पुराच्या पाण्यातही रस्ता सुरू राहतो ते. बोटीची शेडच पुरात गेली तर सगळंच हसं होईल.

ग्रामसभेत ठराव घ्या, आणि तो नीट लिहा

'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन मंजुरी देण्यात आली' असल्या ठरावाचा काही उपयोग नाही. ठरावात रक्कम, तारीख आणि निधीचं शीर्ष असलं पाहिजे. नमुना असा:

"… नदीकाठावरील … या ग्रामपंचायतींनी सामायिक जलबचाव पथक चालविण्यास, त्यासाठी … ग्रामपंचायतीस मुख्य ग्रामपंचायत म्हणून मान्यता देण्यास, पथकाच्या आवर्ती खर्चापोटी दरवर्षी रुपये … इतकी रक्कम स्वनिधीतून ३१ मेपूर्वी मुख्य ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र बँक खात्यात वर्ग करण्यास आणि सामंजस्य करारावर सही करण्याचे अधिकार सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना देण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक … अनुमोदक …"

ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, हे २०२४ मध्ये ठरलं. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात, पण ठरावात नवं पदनाम घाला. सगळ्या गावांचे ठराव शब्दशः सारखे असू द्या. एका गावाने 'मदत देण्यास' लिहिलं आणि दुसऱ्याने 'वर्गणी देण्यास', तर पंचायत समितीत फाइल तिथेच थांबते.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सर्वांत चांगली. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम तेव्हाच सुरू होतं आणि पुराच्या आठवणीही ताज्या असतात. २६ जानेवारीला विषय काढलात तर आराखडा बऱ्यापैकी ठरून गेलेला असतो.

पैसा कुठून: एकदाचा आणि दरवर्षीचा

या दोन पैशांचे झरे वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

एकदाच्या खरेदीसाठी पहिला दरवाजा जिल्हा नियोजन समितीचा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्हा वार्षिक योजनेतून बचाव साहित्य घेता येतं, पण एका गावाचा प्रस्ताव तिथे किरकोळ वाटतो. चार गावांच्या ठरावांसह, आराखड्याच्या उताऱ्यासह आणि अंदाजपत्रकासह गेलात तर चित्र बदलतं. प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे द्या.

दुसरा दरवाजा राज्य आपत्ती निधीचा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले: ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी. प्रतिसादाच्या भागातच एकूण निधीच्या १० टक्क्यांचा स्वतंत्र हिस्सा पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी ठेवला. बचाव साहित्य आणि प्रशिक्षण या खिडकीत बसतं. ग्रामपंचायत इथे थेट अर्ज करत नाही. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडून मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. २०२६ नंतरच्या वाटपाचे नियम नव्या आयोगाचे, त्यामुळे अर्जात टक्केवारी लिहिण्याआधी ताजा शासन निर्णय पाहून घ्या.

आमदार आणि खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. शेड, नदीपर्यंतचा उतार, ट्रॉली उभी करायचा ओटा ही कामं त्यातून मागा. आमदारांना बोटीचा फोटो आवडतो हे खरं, पण उतार नसलेली बोट पाण्यात उतरवायला आठ माणसं लागतात आणि त्या रात्री ती मिळत नाहीत.

कंपन्यांचा पैसाही नाशिकला जवळच आहे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, आणि आपत्ती व्यवस्थापन त्या अनुसूचीत स्पष्ट आहे. तुमच्या मंडळाची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' अर्जाने नोंदणी हवी. कंपन्यांची खर्चाची घाई जानेवारी ते मार्चमध्ये असते, तेव्हा कागद तयार असले पाहिजेत. त्यांच्याकडे बोट मागू नका, प्रशिक्षण आणि लाइफ जॅकेटं मागा. बोट सरकारकडून मिळेल.

आणि २०२६-२७ चा सिंहस्थ. कुंभासाठी घेतलेलं बचाव साहित्य नंतर कोणाकडे जाणार, हे जिल्हा प्रशासनाला आत्ताच लेखी विचारून ठेवा. वापरलेली पण चालू स्थितीतली जॅकेटं आणि दोर हस्तांतरित करून घेणं नवीन मागण्यापेक्षा सोपं.

आता दरवर्षीचा पैसा. इथे वित्त आयोगाकडे पाहून फार उपयोग नाही. १५व्या आयोगाच्या २०२१-२६ च्या ग्रामपंचायत अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले ४० टक्के अबंधित. त्या अबंधितातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. बोटचालकाचं मानधन त्यातून काढलंत तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. म्हणजे मानधन, पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा स्वनिधीतून, घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून. खरी कसोटी इथे आहे, आणि सरपंच इथेच विषय बदलतात.

वाटणी कशी करायची

समजा वर्षाचा चालवण्याचा खर्च ३ लाख रुपये आहे. गावं चार, लोकसंख्या अनुक्रमे ८,०००, ५,०००, ४,००० आणि ३,०००. निम्मी रक्कम समान वाटा: १,५०,००० भागिले चार, म्हणजे प्रत्येकी ३७,५००. उरलेली निम्मी लोकसंख्येप्रमाणे: ६०,०००, ३७,५००, ३०,०००, २२,५००. बेरीज करा. पहिल्या गावाला ९७,५००, दुसऱ्याला ७५,०००, तिसऱ्याला ६७,५००, चौथ्याला ६०,०००.

कोणीतरी उठून म्हणेलच, 'पूर त्यांच्या गावात येतो, त्यांनी जास्त द्यावं.' हे मान्य करू नका. पूररेषेतली घरं बहुतेक गरिबांची असतात आणि बुडणारे कितीतरी वेळा बाहेरगावचे: दशक्रियेला आलेले, गणपती विसर्जनाला आलेले, रविवारी फिरायला आलेले. पूरग्रस्त गावाने हवं तर पैशाऐवजी जागा आणि माणसं जास्त द्यावीत.

दुसरा सुचवला जाणारा प्रकार त्याहून वाईट: जितक्या वेळा बोलावलं तितके पैसे. फोन केला की बिल येणार असेल तर सरपंच 'बघू अजून तासभर' म्हणतो. बचावाच्या कामात तासभर बघायला नसतो. वार्षिक ठरीव रक्कम घ्या, बोलावणं फुकट ठेवा.

तीन लाखांत काय काय धरायचं? चार महिन्यांच्या पावसाळ्यात दोन चालकांचं मानधन, पेट्रोल आणि ऑइल, वर्षातून दोनदा इंजिनाची सर्व्हिसिंग, सराव, विमा, आणि घसारा. घसाऱ्याला सगळे कात्री लावतात. बोट-इंजिन ८ लाखांचं असेल आणि आठ वर्षं टिकणार असेल, तर दरवर्षी १ लाख वेगळे मुदत ठेवीत गेले पाहिजेत. नाहीतर नवव्या वर्षी पुन्हा आमदारांच्या दारात.

खरेदी

ई-निविदेची मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आली आहे, पंचायत समितीच्या लेखा शाखेत विचारून मगच पाऊल उचला. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर रबरी बोटी आणि इंजिनं मिळतात, पण तपशील तुम्ही लिहायचा. गोदावरीच्या पुरात झाडं, वायर, तुटलेली पाइपलाइन वाहत असते. म्हणून एक कप्पा फाटला तरी तरंगणारी, तीन-चार स्वतंत्र हवेच्या कप्प्यांची बोट मागा. इंजिन असं घ्या ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग नाशिकमध्ये मिळतात. निविदेत पाच वर्षांच्या देखभालीची अट घाला, कमी दराच्या मोहात ती सोडू नका.

इंजिनाची बोट अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ च्या कक्षेत येते, नोंदणीचं प्रकरण खरेदीबरोबरच सुरू करा. धरणाच्या पाण्यात सराव करायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

माल आला की ग्रामपंचायतीच्या नमुना १६ मध्ये, म्हणजे जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत, प्रत्येक वस्तू क्रमांकासह चढवा. 'बचाव साहित्य १ संच' असं नव्हे. जॅकेट ४०, दोर ६, सर्चलाइट ३.

इंजिन उन्हाळ्यात मरतं, पुरात नाही. आठ महिने उभं राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसतो. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून, इंजिनाचा पंखा त्यात बुडवून, दर पंधरवड्याला दहा मिनिटं सुरू करायचं. दोरी ओढणाऱ्याने वहीत तारीख टाकून सही करायची. ती वही मागितल्याशिवाय मानधन काढू नये, हा नियम करारात लिहा.

माणसं

गावात पोहणारे असतातच. भोई, कोळी समाजातली मंडळी पिढ्यानपिढ्या नदी ओळखतात. त्यांना पुराच्या दिवशी बोलवायचं आणि पंधरा ऑगस्टला नारळ देऊन मोकळं व्हायचं, ही जुनी रीत सोडा. त्यांची नावं यादीत, मानधन बँकेत आणि विमा आधी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते प्रत्येकाचं काढाच, पण त्यावर थांबू नका. गटाचा अपघात विमा वेगळा घ्या.

प्रशिक्षणासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे 'आपदा मित्र' योजनेची चौकशी करा. त्यात स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. काय शिकलं पाहिजे याचा क्रम पक्का आहे: आधी हात किंवा बांबू पुढे करा, मग दोर फेका, मग बोट न्या, आणि उडी सर्वांत शेवटी. चांगल्या पोहणाऱ्याला हे पटवणं सर्वांत कठीण. छातीवर दाब आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे प्रत्येक गावातल्या निदान दहा जणांना यावं, त्यात आशाताई आणि अंगणवाडीताईही असाव्यात.

करारात ही कलमं हवीतच

बोट कोण हलवणार? एका माणसाचं नाव नको, पद लिहा, आणि ते पद हजर नसेल तर दुसरं, तिसरं. सरपंचांची परवानगी मागत बसावं लागेल असं काही ठेवू नका.

एकाच वेळी दोन गावांतून फोन आला तर? जिथे माणसं पाण्यात आहेत ते आधी, जिथे माणसं छतावर आहेत ते नंतर. कोणी मोठी वर्गणी दिली याचा संबंध नाही, असं स्पष्ट लिहा.

जिल्हा प्रशासनाने बोट मागितली तर? आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ६५ खाली ती ताब्यात घेता येते, त्याला नाही म्हणता येत नाही. पण ती वापरल्याबद्दल त्याच अधिनियमाच्या कलम ६६ खाली भरपाई मागता येते. त्यासाठी बोट देताना पंचनामा आणि फोटो घ्या, परत घेतानाही घ्या.

पेट्रोल रात्री दोन वाजता कोण देणार? जवळच्या पंपावर मुख्य ग्रामपंचायतीचं उधारीचं खातं आणि बाहेर वीस लिटरचे भरलेले दोन कॅन, पावसाळ्यात दर महिन्याला बदललेले.

एखाद्या गावाने पैसे थकवले तर? हे होणारच, निवडणुकीनंतर तर नक्की. थकबाकीदार गावाला बचाव नाकारता येणार नाही, हे कराराच्या पहिल्या पानावर असू द्या. त्याऐवजी थकबाकी दोन महिन्यांवर गेली की गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, आणि त्या गावाचा सामायिक समितीतला मतदानाचा हक्क पैसे येईपर्यंत थांबवायचा. बाहेर पडायचं असेल त्या गावाने पुढच्या ३१ मार्चला पडावं, तेही सहा महिने आधी ठराव देऊन. पावसाळ्याच्या मध्यावर नाही. आणि घसाऱ्याच्या ठेवीतला आपला वाटा त्याला परत मिळणार नाही.